तोंडाने वाजवलेली गिटार

आमच्या घरात दोन वाद्यं होती. अण्णांची ढोलकी खुंटीला, हिरव्या खोळीत. आणि दादाची गिटार पलंगाखाली, जुन्या चादरीत गुंडाळलेली. घर म्हणजे घाटकोपरच्या डोंगरउतारावरची एक खोली आणि पुढे पत्रे ठोकून काढलेलं स्वयंपाकघर. विमानं आमच्या डोक्यावरूनच विमानतळाकडे उतरायची, इतकी खाली की त्यांची चाकं दिसायची आणि मांडणीतली पातेली थरथरायची. बोलणं चालू असेल तर विमान जाईपर्यंत थांबायचं आणि अर्धवट राहिलेल्या शब्दापासून पुढे बोलायचं, ही सवय आम्हा सगळ्यांना इतकी जडली होती की पुढे मी शिक्षिका झाल्यावरही, चांगल्या सिमेंटच्या शाळेत, विमानाचा आवाज आला की शिकवता शिकवता थांबायचे. मुलं हसायची. दादा मात्र विमानांचा फायदा घ्यायचा. विमान आलं की तो स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवायचा आणि गेलं की कमी करायचा. "शेजाऱ्यांना वाटतं विमानच आहे," म्हणायचा. शेजाऱ्यांना तसं काही वाटत नसे. ते आईला नळावर गाठून सगळं सुनावायचे.

अण्णा बस डेपोत मेकॅनिक होते आणि आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. जयंतीच्या आधी महिनाभर रोज संध्याकाळी बुद्धविहारात तालीम असायची. अण्णा घरी येऊन हातावरचं ग्रीस रॉकेलने काढायचे, मग साबणाने, मग पुन्हा हाताचा वास घेऊन बघायचे आणि मगच ढोलकीला हात लावायचे. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आई साकीनाक्याला एका कंपनीत बाटल्यांना लेबलं चिकटवायची. तिच्या बोटांच्या टोकांना कायम गोंदाचा पापुद्रा असायचा आणि ती भाकरी थापायला बसली की तो आधी सोलून काढायची. सुकट परतल्याचा वास, भाकरीचा आवाज, अण्णांचं खोकणं, वरून विमान. याच्यामध्ये दादाने ते संगीत आणलं.

दादा, म्हणजे मिलिंद, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. दहावीनंतर शिकला नाही. साकीनाक्याच्या एका गाळ्यात प्रेसवर कामाला लागला. पत्रा आत सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून दणका, आणि खाली पंख्याच्या मोटरीची एक चकती. दिवसभर तेच. त्याच गाळ्यात सावियो नावाचा मरोळ गावठाणातला मुलगा डाय, म्हणजे प्रेसचे साचे, बसवायचं काम करायचा. त्याचा मामा बोटीवर होता आणि तो परदेशातून कॅसेटी आणायचा. सावियोने एकदा दादाला एक कॅसेट दिली. दादा ती घेऊन घरी आला, शेजारच्या काकांचा टेपरेकॉर्डर मागून आणला, दार लावलं आणि बटण दाबलं.

मला पहिल्यांदा ते गाणं आहे असंच वाटलं नाही. आई स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी धावत आली आणि म्हणाली, "काय झालं रं? कुणाला मारत्यात काय?"

"आई, याला हेवी मेटल म्हणतात," दादा म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की आई तशीच परत गेली. अण्णांनी मात्र पलंगावर बसून कॅसेटची ती बाजू पूर्ण ऐकली. संपल्यावर म्हणाले, "ताल आहे याला. लाज नाही." आणि आंघोळीला गेले. त्यानंतर या संगीतावरून बाप-लेकात धड बोलणं राहिलं नाही.

दादाला ते का आवडलं, हे त्याने मला एकदाच सांगितलं. म्हणाला, "वैशू, दिवसभर गाळ्यात जो आवाज असतो ना, तो आपल्यावर पडत असतो. इथे तो आवाज आपण पाडतो." मी तेव्हा अकरावीत होते. मला ते फार मोठं वाक्य वाटलं होतं. अजूनही वाटतं.

गिटार सावियोच्याच एका नातेवाइकाची, जुनी, मानेला चीर गेलेली. ॲम्प्लिफायर दादाने एका मेलेल्या रेडिओतून बनवला. स्पीकर मिळाला तो जयंतीच्या मंडपातला, पडदा फाटलेला म्हणून टाकून दिलेला. त्या फाटक्या पडद्यातून गिटारचा आवाज असा घोगरा, खरवडल्यासारखा यायचा की सावियोने ऐकल्यावर डोक्याला हात लावला. "साला, हाच! हाच तो आवाज! लोक ह्याच्यासाठी मशीन विकत घेतात!" तिसरा मुलगा केतन. त्याच्या वडिलांचं घाटकोपर पश्चिमेला स्टीलच्या भांड्यांचं गोदाम होतं. केतन ड्रम वाजवायचा, सावियो गायचा आणि तालीम त्या गोदामात, रविवारी. चारी बाजूंना डब्यांच्या उतरंडी, आणि केतनने पाय मारला की सगळे डबे एकदम किणकिणायचे. मी एका उलट्या पिंपावर बसून ऐकायचे. तो किणकिणाट मला त्यांच्या संगीताचाच भाग वाटायचा. पुढे खऱ्या स्टेजवर त्यांना ऐकलं तेव्हा काहीतरी कमी आहे असं सारखं वाटत राहिलं.

माझं काम वाचायचं. घरात इंग्रजी मलाच त्यातल्या त्यात बरं यायचं. दादा रद्दीवाल्याकडून परदेशी संगीताची जुनी मासिकं शोधून आणायचा आणि मी डिक्शनरी घेऊन त्याला मराठीत सांगायचे. तो म्हणायचा, "गोष्टीसारखं सांग." मी गोष्टीसारखं सांगायचे, थोडं माझंही घालायचे, आणि नंतर एका दोनशे पानी वहीत उतरवून ठेवायचे. वहीवर दादाने लिहिलं होतं, "मेटलचा इतिहास". त्यात होतं की हे संगीत जन्मलं ते इंग्लंडातल्या धुराच्या, कारखान्यांच्या गावात, आणि वाजवणारे कामगारांचेच मुलगे होते. हे ऐकून दादा दोन दिवस हवेत होता. त्यात एका गायकाची गोष्ट होती, की गाताना तो दोन बोटं उभी करून जी खूण करतो ती त्याला त्याच्या आजीने वाईट नजर टाळायला शिकवली होती. ती गोष्ट आईला भयंकर आवडली. "म्हंजे त्यांच्यातबी दिष्ट लागतीच की," म्हणाली.

आणि त्यात त्या गिटारवाल्याची गोष्ट होती. पोरगेला असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस, दुसऱ्या कुणाच्या तरी जागी मशीनवर उभा राहिला, आणि दोन बोटांची टोकं गेली. डॉक्टर म्हणाले, विसर आता. पण त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं लावलं, दुखू नये म्हणून तारा सैल केल्या. तारा सैल केल्या म्हणून आवाज खाली उतरला, जड झाला. आणि तिथून हे सगळं सुरू झालं. ही गोष्ट मी दादाला किती वेळा सांगितली असेल! तो स्वतःहून मागायचा. जेवताना म्हणायचा, "वैशू, ते टोपणवालं सांग ना." मी फार रंगवून सांगायचे. डॉक्टरचा आवाज वेगळा काढायचे.

त्या वर्षी अंधेरीच्या एका कॉलेजात बँडची मोठी स्पर्धा होती आणि यांची निवड झाली. दादाने स्वतः एक तुकडा रचला होता, गाण्याच्या मधोमध, कुणी गात नाही, फक्त गिटार. प्रेसच्या चालीवर बांधलेला: सरकवणं, थांबणं, दणका. मग त्याच चालीवर गिटार हळूहळू वर चढत जायची आणि शेवटी दणका यायचाच नाही, त्या जागी नुसती शांतता. ती शांतता आली की मी पिंपाची कड घट्ट धरायचे. सावियो म्हणायचा, याच्यावर आपण जिंकणार. स्पर्धेला सहा आठवडे होते.

तो मंगळवार होता. मी घरी एकटी अभ्यास करत होते. दुपारी सावियो डोंगर चढून आला. दारात उभा राहिला, शर्टावर डाग, आणि काहीतरी बोलला. नेमकं तेव्हाच वरून विमान जात होतं. मला फक्त त्याचे ओठ हललेले दिसले. मी सवयीने हात वर केला, थांब म्हणून. तो थांबला. विमान पूर्ण जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच एकमेकांकडे बघत उभे राहिलो. मला तोवर कळून चुकलं होतं. मला ते विमान जाऊच नये असं वाटत होतं. मग ते गेलं आणि सावियोला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं.

"मिलिंदचा हात प्रेसमध्ये गेला."

डावा हात. तारा दाबायचा. मशीनपुढे हात आत जाऊ नये म्हणून जी जाळी असते ती काम पटापट व्हावं म्हणून कधीच काढून टाकली होती, हे नंतर कळलं. म्हणजे सावियोला माहीत होतं, दादाला माहीत होतं, सगळ्या गाळ्याला माहीत होतं. मालक दुसऱ्या दिवशी सफरचंदं घेऊन हॉस्पिटलात आला आणि अण्णांना म्हणाला, "पण त्याने हात आत घातलाच कशाला?" अण्णा डेपोत युनियनच्या सभेत मोठ्याने बोलणारे माणूस. मला वाटलं आता अण्णा याला उभा चिरतील. अण्णांनी फक्त सफरचंदांची पिशवी घेतली आणि खाटेखाली ठेवली. वडिलांना शब्द न सापडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि जे झालंय ते किती मोठं आहे हे मला डॉक्टरांपेक्षा त्या पिशवीने सांगितलं.

दादा शुद्धीवर आला तेव्हा खाटेशी मी होते. हाताला हे एवढं मोठं पांढरं बोचकं. त्याने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"वैशू, अंगठा हलतोय."

"हो."

"करंगळी पण हलतेय. मधलं काही कळत नाहीये. किती आहेत?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग छताकडे. म्हणाला, "बरं." एवढंच. अंगठ्याजवळची दोन बोटं मुळापासून गेली होती आणि तिसरं अर्धं.

त्यानंतर सगळे ती गोष्ट सांगायला लागले. सावियो पहिल्याच दिवशी खाटेच्या कडेला बसून म्हणाला, "यार, तुला माहितीय ना तो इंग्लंडवाला? सेम टू सेम केस! अरे त्याने तर त्यानंतर सगळं सुरू केलं!" केतनने दुसरी आणली: अपघातात एक हात गेलेला ड्रमर पायाने जास्तीचे ड्रम वाजवायला शिकतोय, नव्या मासिकात आलंय. गाळ्यातली मुलं, ज्यांना या संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, तीसुद्धा सावियोकडून ऐकून येऊन म्हणायची, एक गोरा होता म्हणे. दादा सगळ्यांना हसून हो म्हणायचा. आणि मी गप्प बसायचे, कारण ती गोष्ट या घरात मी आणली होती आणि त्यातला एक शब्द सगळे विसरत होते. टोकं. त्या माणसाच्या बोटांची टोकं गेली होती. टोपण घालायला आधी बोट लागतं.

हे मला माहीत होतं आणि तरीही मी टोपणं बनवली. फिनेलची बाटली कापली, रॉकेलच्या स्टोव्हवर पातेल्यात वितळवली, सगळं घर त्या घाण धुराने भरलं. अण्णांच्या जुन्या चपलेचं चामडं कापलं. अर्ध्या बोटाला टोपण जमलं. बाकीच्या दोन बोटांसाठी मी लांब नळ्या केल्या आणि त्या तळव्याला बांधायला पट्टा शिवला. चटका बसून माझ्या उजव्या तळहाताला फोड आला. दादा घरी आल्यावर पंधरा दिवसांनी जखम जरा सुकली तेव्हा मी ते त्याच्यापुढे ठेवलं. त्याने हात पुढे केला. मी पट्टा बांधला. त्याने गिटार मांडीवर घेतली आणि त्या प्लास्टिकच्या नळीने तार दाबायचा प्रयत्न केला. नळी घसरली. पुन्हा. पुन्हा घसरली, आणि तारेवर घासून नख काचेवर ओढल्यासारखा आवाज आला. आई स्वयंपाकघरात होती. तिचं भाकरी थापणं थांबलं.

"मस्त बनवलंयस गं," दादा म्हणाला. आणि मग, पट्टा सोडत, "खूप मेहनत घेतलीस."

आईचं वेगळंच चाललं होतं. देवनारच्या कत्तलखान्यात कुणी ओळखीचं होतं, त्यांच्याकडून ती दर रविवारी पाया मागवायची आणि सकाळपासून मंद आचेवर रस्सा शिजत ठेवायची. "हाड धरतं त्यानं," म्हणायची. कुठलं हाड, कशाला धरणार, हे कुणी तिला विचारलं नाही. दादा दोन वाट्या प्यायचा. ती समोर बसून त्याच्या हाताकडे बघायची, जसं कुंडीत पेरल्यावर रोज सकाळी बघतात. अण्णांनी ढोलकी खुंटीवरून काढून पेटीत ठेवली. तालमीला जायचे नाहीत. मुलासमोर दहा बोटांनी वाजवायची त्यांना लाज वाटत होती, असं मला आज वाटतं. तेव्हा फक्त एवढंच कळलं की घर फार शांत झालंय.

दादाने गिटार उलटी धरूनही पाहिली. तारा उलट क्रमाने लावल्या, उजव्या हाताने दाबायच्या आणि डाव्या अंगठा-करंगळीत चिमटा धरून छेडायच्या. उजवी बोटं पहिलीतल्या मुलाने पाटीवर अक्षर काढावं तशी चालायची. दोन-तीन वर्षं दिली असती तर कदाचित झालं असतं. मी आठवडाभर ते पाहिलं. मग एका सकाळी त्याने तारा पुन्हा पहिल्यासारख्या लावल्या, स्वतःच, दातांची मदत घेऊन, आणि केतनला निरोप पाठवला.

केतन आणि सावियो आले. आईने चहा दिला. स्पर्धा दोन आठवड्यांवर आली होती. दोघंही चहात बघत बसले. सावियो एकदा म्हणाला, "नाव मागे घेऊ. काय फरक पडतो." केतन म्हणाला, "हो ना." पण त्याचा पाय खाली एका लयीत हलत होता आणि त्याला ते कळतसुद्धा नव्हतं.

"मुलुंडचा तो शिरीष आहे ना, इंजिनिअरिंगवाला," दादा म्हणाला. "त्याला घ्या. हात चांगलाय त्याचा."

"अरे पण तुझा तुकडा..."

"शिकवतो मी."

"कसा शिकवणार?" हे सावियोच्या तोंडून निघून गेलं. निघून गेल्यावर त्याने मान खाली घातली. दादा म्हणाला, "तोंडाने."

आणि त्याने खरंच तोंडाने शिकवलं. शिरीष उंच, चष्मेवाला, अतिशय सभ्य मुलगा. आईच्या पाया पडायचा, त्यामुळे त्याचा राग धरायचीही सोय नव्हती. तो रोज संध्याकाळी कॉलेजातून सरळ आमच्याकडे यायचा. दादाची गिटार घ्यायचा. दादा समोर भिंतीला टेकून, डावा हात उशीखाली, डोळे मिटून म्हणायचा, "ढंग्-गड् ढंग्-गड् — थांब — ढाड्. नाही. थांब म्हणजे थांब. तार पंजाने दाब, वाजू देऊ नको." पुन्हा. "ढंग्-गड् ढंग्-गड् — श्वास घे — ढाड्." संपूर्ण तुकडा, वरच्या पट्टीतली चढण, प्रत्येक सूर तो गळ्यातून काढून दाखवायचा. गळ्याच्या शिरा फुगायच्या. मी कोपऱ्यात पुस्तक धरून बसायचे आणि एक ओळ वाचायचे नाही. काहीतरी करायला हवं असं सारखं वाटायचं आणि करण्यासारखं काहीच नसायचं. शिरीषची पाचही बोटं त्या तारांवर फिरताना मी बघायचे आणि मला त्या बोटांचा द्वेष वाटायचा. त्या बिचाऱ्याने काय केलं होतं?

अण्णा या वेळी दाराबाहेर पायरीवर पाठ करून बसायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी ते न वळता म्हणाले, "तो पोरगा समेवर येत नाही."

दादाने डोळे उघडले. "आमच्यात सम नसते अण्णा."

"नसती असं काही नसतं. तू म्हणतोस तेव्हा येती. तो वाजवतो तेव्हा अर्ध्या मात्रेनं मागं राहतो. दणक्याच्या आधी हात उचलायला उशीर करतो." मग त्यांनी पायरीवरच, मांडीवर हात मारून तो तुकडा म्हणून दाखवला. जसाच्या तसा. थांबण्यासकट. पाठमोरे बसून ते रोज ऐकत होते आणि त्यांना तो पूर्ण पाठ झाला होता. शिरीषने वाजवून पाहिलं आणि या वेळी बरोबर आलं. "थँक यू काका," तो म्हणाला. अण्णा उठून डोंगर उतरून कुठेतरी चालू लागले. दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आज बास." ज्या गोष्टीसाठी बाप-लेक चार वर्षं एकमेकांशी धड बोलले नव्हते, ती एक गोष्ट दोघांना मिळून कळली होती, आणि ती वाजवायला दोघांतलं कुणी उरलं नव्हतं.

मी शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. ऑफ तासाला कधी कधी मुलांना ही हकीकत सांगायचे. इथवर आले की कुणीतरी हमखास विचारायचं, "मग बाई, पुढे वाजवायला लागले ना ते?" त्यांना तसंच हवं असायचं. मलाही हवं होतं. मी कितीतरी वर्षं वाट पाहिली. नाही वाजवली त्याने. गाळ्यात तो पॅकिंगला परत लागला, गाळा बंद झाल्यावर असल्फ्याला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. लग्न झालं, दोन मुली झाल्या, वहिनी त्याला बारीक स्क्रू फिरवून द्यायची. आता बदलापूरला मोठ्या मुलीकडे असतो, बरा आहे, गुडघे दुखतात. गिटार शिरीषकडेच राहिली आणि शिरीष अमेरिकेला गेला. ते गाणं कुणी कधी रेकॉर्ड केलं नाही. बँड दीड वर्षात मोडला. जगात या संगीताचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यात आमच्या डोंगराचा उल्लेख असायचं काही कारण नाही. ती दोनशे पानी वही मी घर बदलताना स्वतःच्या हाताने रद्दीत घातली. आता वाटतं, ठेवायला हवी होती.

ती स्पर्धा दुपारची होती, कॉलेजच्या मैदानावर, रणरणत्या उन्हात. दादा येणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. त्या दिवशी तो सकाळी उठला, दाढी केली, स्टेजसाठी म्हणून आधीच घेऊन ठेवलेले काळे बूट काढले, मला म्हणाला, "लेस बांधून दे." आणि मग, "चल. तू पण चल." आम्ही बसने गेलो. गर्दीत मागे, आवाजाच्या यंत्रांशेजारी उभे राहिलो. दादाचा डावा हात खिशात. चार बँड झाले. मग सावियो स्टेजवर आला, केतन ड्रमवर बसला, आणि शिरीष दादाची गिटार गळ्यात अडकवून उभा राहिला. त्या मानेची चीर मला एवढ्या लांबून दिसत होती, किंवा दिसतेय असं वाटत होतं.

गाणं सुरू झालं. मधला तुकडा आला. ढंग्-गड्, ढंग्-गड्, थांब. दादाचे ओठ हलत होते. दोन-तीनशे पोरं एकदम गप्प झाली. समेवर आला तो, अगदी बरोबर. मग चढण. दादा ओठांनी त्याच्याबरोबर चढत होता, मी त्याच्याकडेच बघत होते. आणि शेवटी जिथे दणका येत नाही, जिथे ती शांतता येते, तिथे शिरीष थांबला नाही. त्याने वर आणखी काहीतरी वाजवलं, स्वतःचं, झरझर खाली येणारं, अवघड, आणि दणका मारूनच संपवलं. मैदान फुटलं. पोरं ओरडायला लागली, शर्ट काढून फिरवायला लागली. दादाचे ओठ त्याच्या शांततेच्या जागीच थांबले होते.

"हे तू नव्हतं शिकवलंस," मी म्हणाले.

"नाही." मग, "चांगलं केलंय पण. लोकांना आवडलं बघ." त्याने एकदा आजूबाजूला पाहिलं, जसं आपण एखाद्याच्या घरी चुकून शिरल्यावर बघतो. "चल, जाऊया."

"गाणं संपू दे ना दादा. ते शोधतील तुला. तुझं नाव घेणार आहे म्हणाला सावियो."

"म्हणूनच चल."

आम्ही गर्दीतून वाट काढत फाटकाबाहेर आलो. गाणं अजून चालू होतं. रस्त्यावर ते जसंच्या तसं ऐकू येत होतं, फक्त शब्द कळत नव्हते. मला त्याच्याशी काहीतरी बोलायचं होतं. मला इतकं इंग्रजी येत होतं, इतक्या गोष्टी येत होत्या, आणि बसस्टॉपपर्यंतच्या त्या दोनशे पावलांत माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. स्टॉपवर पोचलो तेव्हा त्याच्या उजव्या बुटाची लेस सुटलेली होती, लोंबत होती. तो खाली वाकला. उजव्या हाताने एक टोक धरलं, डाव्या करंगळीने दुसरं अडकवून धरायचा प्रयत्न केला. निसटलं. पुन्हा धरलं. स्टॉपवर दोन बायका होत्या, त्या बघायला लागल्या. मैदानातून मोठा कल्लोळ उठला, बहुतेक गाणं संपलं होतं, आणि कुणीतरी माइकवर काहीतरी बोलत होतं. दादाने वर बघितलं नाही. तिसऱ्यांदा निसटल्यावर त्याने हात बाजूला घेतला आणि पाय थोडा पुढे सरकवला, माझ्या बाजूला.

मी फुटपाथवर गुडघे टेकले.

"घट्ट बांध," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "घरापर्यंत सुटायला नको."